कुंडलिकेवर नऊ माणसं आणि दोन दिवस: आधी पाण्याची वेळ बघा, मग ठिकाणं ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार, तुम्ही कोथरूडहून येणार, भाऊ डोंबिवलीहून. एकूण नऊ जण, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या आजी, एक १३ वर्षांचा मुलगा, एक ७ वर्षांची मुलगी, कॉलेजात जाणारी भाची. आणि दोन दिवसांत देवकुंड धबधबा, कोलाडचं राफ्टिंग, जाता जाता कुंडलिका व्हॅली, जमलं तर अंधारबन, आणि शेवटी एक ओळ की "पण निवांतही वाटलं पाहिजे". मी गेली १७ वर्षं रायगडातल्या कुंडलिका नदीवर राफ्ट चालवतोय, त्याआधी तीन सीझन ऋषिकेशला शिकलो, आणि असा मेसेज मला दर पावसाळ्यात येतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुम्ही विचारलंय की कुठल्या दिवशी काय करू. पण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही जी चार नावं लिहिलीत ती चार वेगवेगळी ठिकाणं वाटतात, पण ती एकाच नदीची माणसं आहेत, फक्त वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारी. वरचा मजला म्हणजे घाटमाथा, ताम्हिणी-पिंपरीच्या बाजूला, तिथून तुम्ही खाली दरीत बघता, त्याला लोक कुंडलिका व्हॅली म्हणतात, आणि अंधारबनची वाट तिथूनच सुरू होऊन जंगलातून उतरत खाली भिऱ्याला येते. मधला मजला म्हणजे दरीचा तळ, भिरा आणि देवकुंड. आणि खालचा मजला म्हणजे रवाळजे ते कोलाड, जिथे नदी सपाटीवर येऊन वाहती होते आणि आम्ही राफ्टिंग करतो. या तिन्ही मजल्यांचा चांगला सीझन एक नाही. जुलैच्या शेवटी वरचा मजला ढगात असतो, मधला बहुतेक वेळा बंद असतो आणि खालचा त्या दिवशीच्या पावसावर ठरतो. त्यामुळे तुमचा प्लॅन कागदावर कितीही छान मांडला तरी त्या तारखांना तो बसत नाही.

आता नदीबद्दल एक गोष्ट सांगतो, ती कळली की पुढचं सगळं आपोआप कळेल. राफ्टिंगला जे पाणी लागतं ते पावसाचं नाही. ते मुळशी धरणाचं आहे. मुळशीचा तलाव मुळा नदीवर, म्हणजे ते पाणी खरं तर पुण्याकडे जाऊन भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळायचं. ते डोंगराच्या आतून पश्चिमेला वळवून जवळपास ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, तिथे वीज तयार होते आणि मग ते पाणी रवाळजेला अडवून कुंडलिकेत सोडलं जातं, शेवटी रेवदंड्याला अरबी समुद्रात. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. याच धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते, "जान किंवा जमीन" ही घोषणा तिथली. मी प्रत्येक ट्रिपला राफ्टमध्ये बसल्यावर पहिल्या संथ पट्ट्यात हे सांगतो, कारण आपण ज्या पाण्यावर हसतखेळत जातो त्याच्याखाली कुणाची तरी भातखाचरं गेलीत हे मुलांना माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तर मुद्दा असा की वीजघर चालू झालं की नदीला पाणी येतं, बंद झालं की नदी उतरते. साधारण सकाळी पाणी सुटतं म्हणून राफ्टिंग सकाळीच असतं, साजे गावाजवळून सुरुवात, मग १२ ते १४ किलोमीटर, पाणी कसं आहे त्यावर दीड-दोन तास. दुपारी ३ ला पोचून "आता राफ्टिंग करू" असं होत नाही, आणि हे लोकांना माहीत नसतं, पुण्याहून आरामात ९ ला निघतात, घाटात भजी खातात, फोटो काढतात, आणि कोलाडला पोचतात तेव्हा आम्ही राफ्ट धुऊन ठेवलेल्या असतात. म्हणून राफ्टिंग करायचं तर आदल्या रात्री कोलाडला मुक्काम करा, हा मी सगळ्यांना देतो तो पहिला सल्ला. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून उद्या पाणी आहे ना हे विचारा, कारण वीज कधी बनवायची हे आमच्या हातात नाही, क्वचित एखाद्या दिवशी पाणी सुटतच नाही.

याचीच दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. पाणी यायच्या आधी नदीपात्र अर्धं कोरडं दिसतं, मोठे सपाट खडक उघडे असतात, आणि लोक तिथे चटई टाकून बसतात, लहान मुलांना डबक्यात खेळायला सोडतात. मग पाणी येतं. आवाज येतो तोपर्यंत खडकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी फिरलेलं असतं. मी स्वतः दोन वेळा राफ्ट वळवून अशा खडकावरून माणसं उतरवून घेतलीत, एकदा तर एक बाई डब्यांची पिशवी सोडायला तयार नव्हत्या. तेव्हा रवाळजेपासून खाली कुठेही पात्रात बसू नका, कितीही शांत वाटलं तरी. काठावर बसा, झाडाखाली, तिथून नदी तितकीच छान दिसते.

पावसाळ्यातच राफ्टिंगला मजा येते असा एक समज आहे. मला तो पटत नाही. धरणाचं पाणी असल्यामुळे कुंडलिकेवर नोव्हेंबरातही तोच जोर असतो जो ऑगस्टमध्ये, उलट पाणी स्वच्छ असतं, खडक दिसतात, काठावरचे किंगफिशर दिसतात, आणि नदी रोज साधारण सारखी वागते म्हणून गाइडलाही अंदाज पक्का असतो. रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्याचे पट्टे, इथे ग्रेड २ आणि ३ चे आहेत, म्हणजे नवीन माणसाला धडकी भरेल एवढे, पण नीट टीम असेल तर सांभाळता येण्यासारखे. पावसाळ्यात मात्र धरणाच्या पाण्यात आजूबाजूच्या सगळ्या ओढ्यांचं पाणी मिसळतं, नदी चहासारखी होते, झाडांच्या फांद्या, कधी अख्खं झाड वाहत येतं. अशा आडव्या पडलेल्या झाडातून पाणी जातं पण माणूस जात नाही, तो अडकतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, रॅपिडची नाही. पावसाळ्यात चांगले दिवसही मिळतात, आम्ही ट्रिप करतो, पण त्या दिवशी सकाळी नदी बघून नाही म्हणायची तयारी असावी लागते. तुमची सगळी ट्रिप त्या एका गोष्टीवर टांगून ठेवू नका.

आणि जुलैचा शेवटचा आठवडाच का नको, तर २०२४ ची २५ जुलै आठवा, पुण्यात घरांत पाणी शिरलं तोच दिवस. ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलीमीटर पाऊस झाला होता. घाटात दरड पडली, रस्ता बंद ठेवावा लागला. दरवर्षी असं होत नाही हे खरं, पण त्या आठवड्यात होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि तुमच्याबरोबर ज्येष्ठ माणसं आहेत, गोळ्या आहेत, लहान मूल आहे. घाट बंद झाला की तुम्हाला पाली, खोपोली असं फिरून पुण्याला जावं लागणार.

आता देवकुंड. हे नाव तुमच्या यादीत सगळ्यात वर आहे आणि मी सांगतो ते सगळ्यात आधी काढा, निदान पावसाळ्यापुरतं. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात तिथे बंदी घालतं, ती मोडून जाणारेही असतात, गावातलाच कुणी पैसे घेऊन मागच्या वाटेने नेतो म्हणतो. नका जाऊ. धबधब्याखालचा डोह सुंदर दिसतो, निळा-हिरवा, पण खोल आहे, आणि धार जिथे पडते तिथलं पाणी फेसाळ असतं म्हणजे त्यात हवा भरलेली असते, अशा पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, चांगला पोहणारासुद्धा खाली जातो, आणि वरून पडणारं पाणी त्याला परत परत धारेखाली ओढतं. तिथे गेलेले बरेच जण पोहता येणारेच होते. दुसरी गोष्ट वाटेतले ओढे. भिऱ्याहून साधारण दोन-अडीच तास चालायला लागतात आणि ओढे ओलांडावे लागतात. काही वर्षांपूर्वी मी पावसाळा संपता संपता, बंदी उठल्यावर, एका ग्रुपबरोबर गेलो होतो, सकाळी लख्ख ऊन, ओढ्याला घोट्याएवढं पाणी. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हताच, वर घाटमाथ्यावर होता. परत येताना तोच ओढा कमरेच्या वर, रंग बदललेला, आत दगड गडगडताना ऐकू येत होते. आम्ही अलीकडे चार तास बसलो, दोन जण चिडले, एकजण म्हणाला हात धरून साखळी करू. मी नाही म्हटलं. साखळीत एक पडला की सगळे पडतात. पाणी उतरलं, अंधारात बॅटरी लावून आलो, सगळे घरी पोचले. त्यानंतर मी नियम केला, ओढा गढूळ झाला की थांबायचं, कितीही वेळ लागो.

अंधारबन तुमच्या ग्रुपसाठी नाहीच. पिंपरीपासून भिऱ्यापर्यंत दिवसभराची चाल, एकदा उतरायला लागलं की मधून बाहेर पडायला गाडीरस्ता नाही, आणि गाडी वर राहते, माणसं खाली येतात, त्याचं नियोजन वेगळंच. तुम्ही दोघं भाऊ आणि भाची मिळून कधीतरी डिसेंबरात करा, फार सुंदर जंगल आहे, ताम्हिणी अभयारण्याचा परिसर, शेकरू दिसण्याची चांगली संधी. वनखात्याला आधी विचारून घ्या, वाट काही वेळा बंद ठेवतात.

कुंडलिका व्हॅलीचा पॉइंट मात्र सगळ्यांना जमण्यासारखा आहे, फक्त दोन गोष्टी. जुलैत तिथे उभं राहिलं की समोर पांढरा पडदा असतो, तासभर थांबलात आणि नशीब असेल तर वारा एक मिनिटभर पडदा बाजूला करतो आणि खाली एकदम एवढी खोल दरी आणि समोरच्या कड्यावरून पडणारे पाच-सहा धबधबे दिसतात की माणूस बोलायचं विसरतो. तो एक मिनिट खरंच तासभराच्या मोलाचा आहे. पण कडा बेसाल्टचा, त्यावर शेवाळ, कठडा बऱ्याच ठिकाणी नाही, वारा खालून वर येतो. ७ वर्षांच्या मुलीचा हात कुणीतरी एकाने धरायचा, "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नसतं. आणि कड्याच्या टोकापासून आपल्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून उभं राहायचं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा या जागेचा खरा काळ, ढग असतात पण तुटक, धबधबे अजून चालू, सोनकी फुललेली.

मग करायचं काय? तुम्ही सुट्ट्या टाकल्यात की नाही ते लिहिलं नाहीत, त्यावर अवलंबून आहे. तारीख हलवता येत असेल तर नोव्हेंबरात, दिवाळीची गर्दी ओसरल्यावरचा वीकेंड घ्या. शनिवारी सकाळी लवकर निघा, ताम्हिणीतून या, वाटेत पॉइंट बघा, विळे-भागाडवरून पाटणूस, रवाळजे करत दुपारपर्यंत कोलाड. भाऊ मुंबई-गोवा हायवेने पेण, नागोठणे करत येईल, त्याला सांगा हायवेचा भरवसा धरू नकोस, एक तास जादा ठेव. दुपारी जेवून झोपा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, निवांत वाटायला हवं असेल तर पहिल्या दुपारी काहीही करायचं नाही. संध्याकाळी मुलांना संथ पाण्यात कयाक (वल्ह्याची छोटी होडी), आजी-आजोबा काठावर खुर्ची टाकून. रविवारी सकाळी तुम्ही पाच मोठी माणसं, म्हणजे तुम्ही दोघं, भाऊ-वहिनी आणि भाची, राफ्टिंगला. त्याच वेळात आजी-आजोबा दोन्ही मुलांना घेऊन पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन करून येतील, ड्रायव्हर असेल तर तासाभराच्या आतला रस्ता आहे, आणि पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, आजोबांना गुडघे बुडवून बसायला आवडेल, फक्त ऑपरेशनच्या डॉक्टरांना आधी विचारा. दुपारचं जेवण सगळे एकत्र, मग परत. थंडी अजून वाढल्यावर, जानेवारीच्या सुमारास आलात तर रात्री पोपटी करायला सांगा, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा चिकन घालून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. रायगडात येऊन ती न खाता गेलेलं मला बघवत नाही.

एप्रिल-मे टाळा. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदल्याची बातमी आली होती, दरीचा तळ आहे तो, हवा कोंडते, बीपीच्या माणसाला तो ताप नको.

तारीख हलत नसेल, जुलैच पक्का असेल, तर मग ही पाऊस बघायची ट्रिप करा आणि तशीच मनाशी ठरवून या. कोलाड परिसरात मुख्य रस्त्यापासून फार आत नसलेली, ओढा ओलांडून जावं लागणार नाही अशी जागा घ्या, तळमजल्यावरची खोली, कमोड, खोलीच्या दारापर्यंत गाडी, एवढं फोनवर विचाराच. वेबसाइटवर "रिव्हर व्ह्यू" लिहिलेलं असतं, विचारा की गेल्या पावसात नदी कुठपर्यंत आली होती. चांगला मालक खरं सांगतो, हाताने दाखवून सांगतो. रात्री डीजे लागतो का तेही विचारा, नाहीतर निवांतपणा तिथेच संपला. ताम्हिणीत त्या दिवशी रेड अलर्ट असेल तर निघूच नका, ऑरेंज असेल तर घाटाऐवजी खोपोली-पालीवरून या. कुंडलिकेची डोलवहाळ बंधाऱ्यावरची पातळी रायगड प्रशासन पावसाळ्यात रोज सांगतं, इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेली आहे, इशाऱ्याच्या जवळ आली की राफ्टिंगचा विषय मनातून काढायचा. आणि त्या दोन दिवसांत भाताची लावणी बघा, गरम तांदळाची भाकरी आणि बिरडं खा, मुलांना चिखलात जाऊ द्या. बरीच कुटुंबं राफ्टिंग रद्द झालं म्हणून तोंड पाडून येतात आणि जाताना म्हणतात बरं झालं.

राफ्टिंगला जाल त्याबद्दल थोडं. कंपनी कुठली हे मी सांगणार नाही, पण बघायचं काय ते सांगतो. लाइफ जॅकेट घातल्यावर गाइड खांद्याला धरून वर खेचून बघतो का? जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघेल. निघण्याआधी किनाऱ्यावर १५-२० मिनिटं नीट समजावतात का? पडलेल्याला गाठायला बरोबर सेफ्टी कयाक आहे का, दोरीची थ्रो बॅग गाइडच्या हाताशी आहे का? यातलं एक जरी नसेल तर पैसे गेले तरी चालतील, बसू नका. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी-ग्रिप असते, त्यावर हात कायम ठेवायचा, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त जखमा पाण्याने होत नाहीत, शेजाऱ्याच्या वल्ह्याने दातावर-नाकावर होतात. आणि पडलात तर पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही, पाय दोन दगडांत अडकला आणि मागून पाण्याचा जोर आला की माणूस पालथा पडतो आणि उठू शकत नाही. भाचीला पोहता येत नसेल तरी चालतं, पण पाण्याची भीती असेल तर आधी सांगू दे, आम्ही तिला मधे बसवतो.

आता तुमच्या १३ वर्षांच्या मुलाबद्दल, कारण तुम्ही विचारलंय की "१४ सांगितलं तर चालेल का, तो उंच आहे". नाही चालणार, आणि कृपा करून असं करू नका. १४ पूर्ण ही वयाची अट उंचीसाठी नाही. एका वडिलांनी माझ्या राफ्टमध्ये असंच वय वाढवून मुलाला बसवलं होतं, दिसायला दणकट होता. दुसऱ्या रॅपिडला तो पाण्यात पडला, पाठीवर पडून राहा हे त्याला किनाऱ्यावर तोंडपाठ होतं पण पाण्यात गेल्यावर तो घाबरून गोल गोल हात मारत राहिला, जॅकेटला धरून वर घेतला तेव्हा ओठ पांढरे पडलेले. अर्ध्या मिनिटाची गोष्ट, लागलं काहीच नाही. पण नंतर वडिलांचा फोन आला की पोरगा आता स्विमिंग टँकमध्येही उतरत नाही. मला ते आजही टोचतं, मी दाखला मागायला हवा होता, आता मागतो.

तुमच्या मुलाला या ट्रिपला संथ पाण्यात कयाक चालवू द्या, स्वतःचं वल्हं स्वतः मारू द्या, त्यात तो पाणी वाचायला शिकेल, भोवरा कुठे होतो, पाणी कुठून वळतं ते त्याला दिसायला लागेल. पुढच्या वर्षी त्याला १४ पूर्ण झाल्यावर आणा, आधार कार्ड घेऊन. मी त्याला पुढच्या डाव्या सीटवर बसवीन, तिथे पहिलं पाणी तोंडावर येतं.